कुलूप लावलेले ग्रंथालय

संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा लिहावयास बसलो आणि हातून भांडण लिहून झाले; तेच पाठवीत आहे. दिवाळीच्या पहाटे पायाखाली फोडण्यासाठी एखादे कडू कारीट लागतेच. वाचकांनी हवे तर हेही फोडावे. मात्र फोडण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

प्रथम माझी योग्यता सांगून टाकतो, म्हणजे पुढे ती कोणी काढावयास नको. मी तामलवाडीचा. सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना टोलनाका लागतो, तेच गाव. शिक्षण मॅट्रिक. वस्तीशाळेच्या योजनेत तेवढ्याच शिदोरीवर मास्तर झालो आणि पुढे तीच चाकरी टिकली. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्या कोणी वाचल्या, कोणी रद्दीत घातल्या. संगणकाचा प्रोग्रॅम मी आयुष्यात एकदाही लिहिलेला नाही. तरी आज लिहिणार आहे तो संगणकाविषयीच. कारण ज्या गोष्टीवर मला बोलावयाचे आहे ती शेवटी कुलपाची गोष्ट आहे, आणि कुलूप आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना चांगले ओळखीचे आहे. निजामाच्या राजवटीत मराठी शाळेसाठी आणि मराठी वाचनालयासाठी आमच्या वाडवडिलांना झगडावे लागले होते. ज्ञान बंद दाराआड असले म्हणजे बाहेरच्या माणसाला काय वाटते, ते आम्हांला कोणी शिकवावयास नको.

यंदा दसऱ्याला माझा एक जुना विद्यार्थी सोने द्यावयास घरी आला. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरी करतो. कंपनीचे नाव मी घेणार नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांची वागणूक एकमेकींहून फारशी वेगळी नाही. आपट्याची पाने हातावर ठेवून तो पाया पडला; पण चेहरा सणाचा नव्हता. चहा झाल्यावर हळूहळू बोलू लागला.

त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी चार वर्षे खपून कंपनीसाठी एक लायब्ररी लिहिली होती. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारांना पुन्हा पुन्हा लागणारी, तावूनसुलाखून घेतलेली तयार सामग्री एके ठिकाणी रचून ठेवतात, तिला ही मंडळी लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीचे काम असे, की एकाच वेळी हजारो कामे चालू ठेवावयाची आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात अडकू द्यावयाचा नाही. ती उत्तम चालली. मग ज्या धंद्यासाठी ती लिहिली होती तो धंदाच कंपनीने गुंडाळला. चौघांनी वरिष्ठांना विनंती केली, की आता ही आपल्या उपयोगाची राहिली नाही, तर मुक्तस्रोत म्हणून जगाला देऊन टाकू. मुक्तस्रोत म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर उघडा करावयाचा. कोणीही तो वाचावा, वापरावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा वाटावा. वरिष्ठांचे उत्तर आले, "घरचं ते घरात राहू द्या."

"मग आता ती आहे कुठं?" मी विचारले.

"आहे की गुरुजी. कंपनीच्या कुठल्यातरी सर्व्हरवर पडलीय. आमच्यातले दोघं नोकरी सोडून गेले. मला बी आता ती उघडायची परवानगी नाही."

स्वतः लिहिलेले स्वतःला वाचण्याची परवानगी नाही! मी लिहिणारा माणूस आहे. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता ही एकाच वेळी हजारो कामे करण्याची भानगड काय आहे, ते माझ्यासारख्यांना समजेल अशा रीतीने सांगतो. माझी शाळा कित्येक वर्षे एकशिक्षकी होती. खोली एक, इयत्ता चार, मास्तर एक. पहिलीला अक्षरे गिरवावयास द्यावी. ती गिरवीत आहेत तोवर दुसरीला पाढे लावावे. पाढ्यांचा गलका चालू असता तिसरीचे शुद्धलेखन तपासावे, आणि मधूनच वळून चौथीचा फळ्यावरचा भागाकार पाहावा. मास्तर एकच, पण चारही वर्ग पुढे सरकत राहतात. संगणकातील या प्रकाराला आपले लोक 'समवर्ती' असे भारदस्त नाव देतात. आम्ही एकशिक्षकी शाळेचे मास्तर ते नाव न घेता तेच करीत आलो.

यातील खरी अडचण पोरांच्या भांडणात दिसते. एका पोराजवळ पट्टी आहे, दुसऱ्याजवळ पेन्सिल. रेघ ओढावयास दोन्ही हव्यात. पहिला पट्टी सोडीत नाही, दुसरा पेन्सिल सोडीत नाही. दोघेही समोरच्याची वाट पाहत बसतात. तास संपतो, रेघ ओढली जात नाही. संगणकातही हेच होते आणि यंत्र जागच्या जागी थिजते. कधी याच्या उलट होते. दोघे एकाच पाटीवर एकाच क्षणी लिहू लागतात आणि पाटीवर उरतो तो कोणाचाच आकडा नसतो. हॉलंडचे गणिती डाइक्स्ट्रा यांनी साठीच्या दशकात यावर रेल्वेच्या सिग्नलाची युक्ती काढली. एक गाडी रुळावर आहे तोवर दुसरीने थांबावे. तेव्हापासून आजवर शहाणीसुरती माणसे या भांडणावर तोड काढीत आहेत.

आणि या दुखण्याचा वाईट गुण असा, की ते गर्दीवाचून दिसत नाही. आमचा टोलनाका पाहा. आषाढातल्या एखाद्या दुपारी तेथे सारे सुरळीत असते. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारांची रीघ लागली, की रस्त्याची रुंदी, वळणे, थांबण्याच्या जागा या सगळ्यांची परीक्षा होते. प्रोग्रॅमचेही तसेच. चार माणसांनी बंद खोलीत हजार वेळा चालवून पाहिला तरी जी चूक सापडत नाही, ती एखाद्या अनोळखी गावच्या अनोळखी गर्दीत पहिल्याच दिवशी उघडी पडते. म्हणून माझे म्हणणे असे, की इतर कोणता प्रोग्रॅम घरात ठेवला तर एक वेळ चालेल, पण गर्दी सांभाळणारा प्रोग्रॅम घरात ठेवून शहाणा होत नाही. त्याला गावोगावची गर्दी दाखवावी लागते.

'घरचे ते घरात' या पंथाचे चार युक्तिवाद माझ्या विद्यार्थ्याने मला ऐकविले. त्याचा त्यांवर विश्वास नव्हता. त्याच्या वरिष्ठांचा होता. मी एकेकाचा समाचार घेतो.

पहिला युक्तिवाद: आपण कष्टाने केले आणि फुकट वाटले, तर स्पर्धक उचलून नेतील व आपल्या हाती धुपाटणे राहील.

याला उत्तर म्हणून स्वीडनमध्ये घडलेली एक हकीकत सांगतो. एरिक्सन ही टेलिफोनची यंत्रे करणारी नामांकित कंपनी. टेलिफोनच्या एक्स्चेंजात हजारो संभाषणे एकाच वेळी चालतात. त्यांतले एक तुटले तरी बाकीच्यांना धक्का लागता कामा नये, आणि यंत्राला सुटी म्हणून कधी मिळत नाही. १९८६च्या सुमारास एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी या कामासाठी एक नवी भाषाच घडविण्यास आरंभ केला. डेन्मार्कचे टेलिफोन-गणिती एर्लांग यांच्या नावावरून तिला एर्लांग म्हणू लागले. तिची रीत मोठी मजेची आहे. प्रत्येक कामाला आपली स्वतंत्र पाटी. कोणी दुसऱ्याच्या पाटीला हात लावावयाचा नाही. काही सांगावयाचे असल्यास चिठ्ठी पाठवावयाची. एखादे काम कोसळलेच तर कोसळू द्यावयाचे; देखरेख करणारा दुसरा असतो, तो ते नव्याने उभे करतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. माझ्या वर्गात मी हेच करतो. एक पोरगे रडू लागले म्हणून सगळी शाळा सोडून देत नाही.

ही भाषा एरिक्सनच्या घरची होती. १९९८ साली तिच्या आधारावर घडविलेले एएक्सडी ३०१ नावाचे मोठे यंत्र कंपनीने बाजारात आणले. त्यात एर्लांगच्या दहा लाखांहून अधिक ओळी होत्या. आणि त्याच वर्षी त्याच कंपनीच्या रेडिओ विभागाने फर्मान काढले, की यापुढे नव्या मालासाठी ही भाषा वापरू नये. जगात चालते ते वापरावे. म्हणजे घरच्या लेकीने घर सावरले आणि घरानेच तिला बाहेरची वाट दाखविली. तिच्या जन्मदात्यांनी तेव्हा आग्रह धरला, की नको असेल तर निदान मोकळी करा. कंपनीने ते मानले आणि १९९८च्या डिसेंबरात एर्लांग मुक्तस्रोत झाली. थोड्याच दिवसांत त्यांतील बरेच जण नोकरी सोडून बाहेर पडले आणि तीच भाषा घेऊन त्यांनी स्वतःचा धंदा मांडला.

एरिक्सनचे दिवाळे वाजले काय? नाही. कालांतराने ती बंदी सैल पडली, आर्मस्ट्राँग २००४ साली त्याच कंपनीत परत आले, आणि एर्लांगची निगा राखणारी मंडळी एरिक्सनने पदरी ठेवली. आता त्या उघड्या दारातून कोण आत आले ते पाहा. २००२ साली कोणी एकाने तिच्यात संदेश पोहोचविणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि तोही उघडा ठेवला. २००९ साली व्हॉट्सॲप निघाले, ते त्याच प्रोग्रॅमच्या पायावर. २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला ते विकत घेतले, तेव्हा त्याचे ४५ कोटी वापरणारे होते आणि त्यांची व्यवस्था पाहणारे अभियंते तीस-बत्तीस होते. ब्राझीलच्या जोझे व्हालिम यांनी त्याच यंत्रणेवर एलिक्सिर ही नवी भाषा उभारली. आमच्या तामलवाडीत लग्नाच्या पत्रिका, मयतीच्या बातम्या, कांद्याचे भाव आणि केंद्रप्रमुखांचे हुकूम आज ज्या वाटेने येतात, ती वाट स्वीडनमधल्या त्या दारातून निघालेली आहे. १९९८ साली कोणी 'घरचे ते घरात' म्हणून दार लावून घेतले असते, तर एक जुनी भाषा एका जुन्या कपाटात मेली असती. एवढाच काय तो फायदा!

आमचे व्यवहारचतुर मित्र येथे बोट वर करतील. म्हणतील, "अहो मास्तर, १९ अब्ज कोणाला मिळाले? ज्यांनी भाषा केली त्यांना काय मिळाले?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी पुढे येतो. तूर्त इतकेच सांगतो, की माझ्या विद्यार्थ्याची लायब्ररी कुलपात राहिल्याने त्यालाही काही मिळालेले नाही, कंपनीलाही नाही आणि जगालाही नाही. ज्या हिशोबात तिन्ही रकान्यांत शून्य येते, त्याला व्यवहार कोणत्या शाळेत म्हणतात?

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. मूळ मजकूर उघडा केला म्हणजे चोराच्या हाती घराचा नकाशा दिला.

२०२४च्या मार्च महिन्यात काय घडले ते ऐका. एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. जगातल्या असंख्य यंत्रांत तो बसलेला असतो. कोणा कपटी माणसाने दोन-अडीच वर्षे मदतनीस बनून, गोड बोलून त्यात शिरकाव केला आणि चोरदरवाजा बसविला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले, की यंत्रात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तो खोदत गेला आणि दरवाजा सापडला. मजकूर वाचावयास मोकळा होता म्हणूनच त्याला खोदता आले. बंद घरातही चोरदरवाजे असतात. तेथे फक्त घरवाल्यांना विचारावे लागते आणि घरवाले म्हणतात, सर्व क्षेम आहे. मात्र या प्रकरणाची दुसरी बाजूही मी लपविणार नाही. त्या प्रोग्रॅमचा खरा राखणदार एकटा होता, थकलेला होता, आणि म्हणूनच कपट्याच्या मदतीला भुलला.

येथे तिसरा युक्तिवाद येतो, आणि चारांत हा एकच मला वजनदार वाटतो: उघडे केल्यावर निगा कोणी राखावयाची?

२०१४ साली ओपनएसएसएल या प्रोग्रॅमात एक भयंकर भोक सापडले. लोकांनी त्याचे नाव हार्टब्लीड ठेवले. जगातील निम्म्याशिम्म्या बँका आणि दुकाने ज्याच्या भरवशावर गुपिते पाठवीत होती, त्या प्रोग्रॅमला देणगी म्हणून वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गावाने विहिरीचे पाणी प्यावे आणि गाळ काढण्यास एकाने यावे, असा हा प्रकार. पण यावरून विहीर बुजवा असे कोणी म्हणेल काय? गाळ काढावयास सगळ्यांनी या, हे त्याचे उत्तर आहे. जे फुकट घेऊन अब्जावधी मिळवितात, त्यांच्याकडून गाळपट्टी वसूल करण्याची रीत पडली पाहिजे. उघडे करणे वेगळे आणि उघड्यावर टाकणे वेगळे. एरिक्सनने माणसे पदरी ठेवून उघडे केले. माझ्या विद्यार्थ्याच्या कंपनीने तसेच करावे असे माझे म्हणणे आहे. एका माणसाचा आठवड्यातला एक दिवस तिने या कामी द्यावा. ज्या कंपनीच्या फाटकावरच्या फुलझाडांना रोज माळी येतो, तिला हे जड जाऊ नये.

चौथा युक्तिवाद वरिष्ठ तोंडाने सांगत नाहीत, पण मनात तोच असतो: आपले काम ओबडधोबड आहे, लोक पाहतील आणि हसतील.

१९९१ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास आढेवेढे घेतल्यावर पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली होती. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१मध्ये परम ८००० उभा केला. ट्रान्सप्यूटर नावाचे लहान लहान प्रक्रियक एकत्र जुंपून, काम वाटून देऊन तो चाले. आपल्या चार इयत्तांचाच मोठा थाट! आम्हां मराठी माणसांना त्याचा अभिमान आहे आणि असावा. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने एक अर्धवट प्रोग्रॅम लोकांपुढे मांडला. हा निव्वळ छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, अशा अर्थाचेच त्याने कळविले होते. तो लिनक्स. हसणारे हसले असतील. २०१७च्या नोव्हेंबरापासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी निघते, तीत लिनक्सवाचून चालणारा एकही उरलेला नाही. २०२०च्या नोव्हेंबरात आपल्या पुण्याच्या परम सिद्धी-एआयने त्या यादीत ६३वा क्रमांक पटकाविला, तोही लिनक्सवरच. कुलूप लागले म्हणून आम्ही हट्टाला पेटलो हे खरे; पण पुढचा प्रवास आम्ही एका पोराच्या उघड्या दारातून केला, हेही खरे. ज्याने कुलपाची कळ सोसली आणि उघड्या दाराची ऊबही घेतली, त्याने दुसऱ्यासाठी कुलूप विकत आणावे काय?

आपल्याकडे हा वाद नवाही नाही. हिंदुस्थानी संगीताच्या घराण्यांत चिजा कुलपात असत. उस्ताद आपली खास चीज जावयाला देई, शिष्याला देत नसे. कित्येक चिजा उस्तादांबरोबरच मातीत गेल्या. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून टाकल्या. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास विद्यालय काढून गाणे सामान्य घरांतल्या मुलांपुढे आणले. तेव्हाही घराणेदार मंडळी म्हणत होतीच, की आता गाणे बुडाले! गाणे बुडाले नाही. छापलेल्या बंदिशीवरून कोणी भीमसेन होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या गरीब पोराला उस्तादाची देवडी ओलांडता आली नसती, त्याच्या कानी निदान बंदिश पडली.

खाजगी कंपनीचे एक वेळ सोडा. तिने आपल्या पैशाने केले. जे जनतेच्या पैशाने होते त्याचे काय? भारत सरकारने २०१५ साली दोन धोरणे जाहीर केली. एकात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पसंत करावे असे म्हटले. दुसऱ्यात सरकारी प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर खुला करून एकमेकांनी वापरावा असे म्हटले. धोरणे चांगली आहेत. पण २०२० साली आरोग्य सेतु कोट्यवधींच्या फोनांत गेले, ते बंद मजकुरानिशीच. लोकांनी ओरड केल्यावर मे महिन्यात त्यातील अँड्रॉइडचा मजकूर खुला झाला. धोरण पाच वर्षांचे होते, तरी ओरड करावीच लागली. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला होता. तरी चवदार तळ्याची ओंजळ घेण्यास १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावे लागले. माणुसकीचा तो लढा आणि संगणकाचा हा प्रश्न एका मापाने मोजण्याचा अविचार मी करीत नाही. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये केवढे अंतर असते, एवढेच तेथून शिकतो.

एका अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी माझ्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीबरोबर गावातल्या संगणकवाल्याच्या दुकानात रात्री अकरापर्यंत बसलो होतो. खाते कोणते ते सांगत नाही. पडद्यावर चक्र फिरत होते. राज्यभरातली पोरे एकाच वेळी त्या दारावर लोटली होती आणि दार थिजले होते. पट्टी एकाच्या हातात, पेन्सिल दुसऱ्याच्या. मुलीचा बाप ऊसतोडीला गेलेला, ती फोनवर त्याला दर अर्ध्या तासाने सांगत होती, "होतंय बाबा, होतंय." दोन दिवसांनी मुदत वाढली म्हणून तिचे वर्ष वाचले. पुण्याची ती लायब्ररी बसविली असती तर चक्र थांबलेच असते, असे मी छातीठोक म्हणणार नाही. पण नेमक्या याच दुखण्यावर चार वर्षे खपून केलेले औषध एका कपाटात होते आणि ते लावून पाहण्याची वाट कोणालाच मोकळी नव्हती, हे मला आता कळले आहे. ते कळल्यापासून त्या मुलीचा "होतंय बाबा" माझ्या कानातून जात नाही.

आता दुसऱ्यांवर इतके तोंडसुख घेतल्यावर स्वतःचेही एक पातक सांगितले पाहिजे. नाहीतर हे भांडण खोटे ठरेल.

एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम चालविण्यासाठी मी पुठ्ठ्याची कार्डे केली होती. कोणत्या इयत्तेला कोणते काम किती वेळ द्यावे, एक वर्ग अडला तर दुसऱ्याला काय द्यावे, हुशार पोराकडे कोणाची देखरेख सोपवावी, हे सारे त्यांवर लिहिलेले. पाच-सहा वर्षांत तीनशेच्या वर कार्डे झाली. शेजारच्या वस्तीवरच्या बाईंनी ती एकदा मागितली. त्यांची शाळाही एकशिक्षकी. मी "देतो, देतो" म्हणालो आणि दिली नाहीत. त्या वर्षी एका शैक्षणिक स्पर्धेला ती पाठवावी असा माझा बेत होता. बाईंनी आधी पाठविली तर? वरून म्हणालो, अजून नीट झालेली नाहीत. पहिला युक्तिवाद पोटात आणि चौथा ओठांवर! स्पर्धेला पाठविणे राहून गेले. पेटी शाळेच्या कोपऱ्यात होती. एका पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा वाळवीने खालचा निम्मा भाग पोखरला होता आणि वरच्यांवरची शाई पसरली होती. बाईंना दिली असती तर त्यांच्याकडे एक प्रत राहिली असती. त्यांच्या वर्गात त्यांतली कोणती कार्डे चालली नाहीत तेही कळले असते. 'घरचे ते घरात' म्हणणारा मीच होतो, आणि घरात वाळवी होती.

म्हणून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. तरी मागणे तीन आहेत, ती मांडतो. जनतेच्या पैशाने जो प्रोग्रॅम होईल, त्याचा मूळ मजकूर पहिल्या दिवसापासून उघडा असावा, आणि त्याच्या निगेचा खर्च त्याच अंदाजपत्रकात असावा. खाजगी कंपनीने ज्या दिवशी एखादा धंदा बंद केला, त्या दिवसापासून वर्षाच्या आत त्यामागची लायब्ररी एकतर चालवावी, नाहीतर मोकळी करावी. मढे झाकून बसू नये. आणि लिहिणाऱ्याला आपले लिहिलेले वाचण्याची मनाई करणारी कलमे नोकरीच्या करारातून काढून टाकावीत. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुस्तकांच्या बाबतीत आम्हांला जे तेव्हा पटले, ते प्रोग्रॅमांच्या लायब्ररीबाबत पटावयास किती वर्षे लागावीत?

माझी कार्डे मी आठवून आठवून पुन्हा लिहावयास घेतली आहेत. दीडशेपर्यंत आलो आहे. या खेपेस प्रत्येक कार्डाचा फोटो काढून केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना पाठवितो. पाठविण्याचे साधन कोणाच्या औदार्यावर चालते ते वर सांगितलेच आहे. शेजारच्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. तरी पहिला संच त्यांना दिला. त्यांनी चष्मा लावून चार-पाच कार्डे पाहिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे सतरावं चुकलंय. दुसरीची पोरं एवढा वेळ बसत नसतात." मी दुरुस्त केले.

विद्यार्थी दसऱ्याची सुटी संपवून पुण्याला परत गेला. जाताना मी त्याला म्हणालो, "पुन्हा अर्ज कर." त्याने केला आहे. हा लेख छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नव्हते.